निरीक्षकाची सही

"बाई, साहेब धान्याच्या काट्यावर उभं राहिलं हुतं," सर्जेराव म्हणाला. "अठ्ठावन्न किलो भरलं. मला म्हनलं, कागदावर लिहून दे."

मी उंदरांच्या पिंजऱ्यांवरच्या पाण्याच्या बाटल्या बदलत होते. हातातली बाटली हातातच राहिली.

"कधी?"

"आत्ताच की, साडेनवाला. आन् रिकाम्या कॅप्सुला हायत का म्हून इचारत हुतं. लई वाळल्यात बगा साहेब. बाईसाहेब गेल्यापासनं खान्यापिन्याकडं ध्यानच न्हाई."

सर्जेराव माने आमच्या प्राणिगृहाचा शिपाई. साहेबांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, वजन केलं ते तब्येतीच्या काळजीने, असं त्याला वाटलं. मला तसं वाटणं शक्य नव्हतं. आमच्याकडे वजन एकाच कामासाठी होतं. उंदीर असो वा ससा, आधी वजन करायचं आणि त्या हिशेबाने मात्रा काढायची. मी बाटली ठेवली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे धावले. धावताना माझ्या डोक्यात फक्त रविवार होता.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या एप्रिलातली. साताऱ्याबाहेर कोरेगाव रस्त्याला आमची संशोधन संस्था होती. जंगलातल्या मुळ्या, साली, बिया यांतून द्रव्यं वेगळी काढायची, काही प्रयोगशाळेत नव्याने बनवायची आणि सगळी तपासायची. द्रव्य विषारी आहे का ते आधी, औषधी आहे का ते नंतर. डॉ. त्र्यंबक रिसबूड विभागप्रमुख होते आणि मी, कुंदा रेगे, त्यांची सहायक. त्यांनी जावळीकडच्या एका मुळीतून एक द्रव्य काढून, त्यात फेरफार करून कंपवातावर औषध तयार केलं होतं. सतरावा प्रयत्न जमला म्हणून त्याचं नाव नुसतं 'सतरा'. त्यांच्या बायकोचे हात नऊ वर्षं थरथरत होते आणि त्या थरथरतच गेल्या. सतरा त्यानंतर दोन वर्षांनी जमलं. डॉक्टर याबद्दल कधी बोलले नाहीत, पण मेअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी सतरा एखाद्या रुग्णालयाच्या हाती द्यायचंच, एवढं आम्हाला माहीत होतं.

ज्याने औषध बनवलं त्याने ते आधी स्वतः घ्यायचं, असा त्यांच्या गुरूंचा दंडक होता. संस्थेच्या समितीने 'असलं काही करायचं नाही' असं लेखी कळवलं होतं. डॉक्टरांनी तो कागद टाचणी लावून फाइलला लावला आणि विषय संपवला.

आता रविवार.

आमचा नियम असा, की उंदरांना द्रव्य पाजलं की अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन आणि चार तासांनी बघायचं आणि पुढे रोज एकदा, चौदा दिवस. काही विषं आळशी असतात, आठवडाभर गप्प बसतात. म्हणून चौदा. मग त्यात दोन रविवार येणारच. रविवारी कोण येणार? कोणाची मुलं, कोणाचा नवरा, कोणाकडे पाहुणे. "रेगेबाईंना काय, रविवार काय नि सोमवार काय," असं कधीतरी कोणीतरी म्हणालं आणि सात वर्षं सगळे रविवार माझे झाले. मी चौतिशीची, गोडोलीत एका खोलीत राहणारी. आई-वडील गेलेले, भाऊ दुबईला. म्हणणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच ते लागायचं.

दुसऱ्या विभागांत रविवारी कोणीच येत नसे. शनिवारी संध्याकाळीच रविवारचा रकाना भरून मोकळं व्हायचं, ही तिथली जुनी पद्धत. उंदरांना दाणापाणी दुप्पट ठेवायचं, 'सा.' म्हणजे सामान्य असं लिहायचं, सही ठोकायची आणि घरी जायचं. मी त्या लोकांना सात वर्षं नावं ठेवली. पण सतराच्या चाचणीच्या अकराव्या दिवशी, रविवारी, मी स्वतः तेच केलं. दहा उंदीर, दहा वेळा 'सा.', वेळ सकाळी अकरा, निरीक्षकाची सही कुं. रेगे. हे मी शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लिहिलं, कारण रविवारी अकराला मला बघायला येणार होते.

दिघे म्हणून वाईचे गृहस्थ होते, बँकेत अधिकारी, बायको वारलेली, दोन मुलगे. बघण्याचं त्यांच्या बहिणीकडे, साताऱ्यातच सदाशिव पेठेत ठेवलं होतं. दिघे फार बोलले नाहीत. पोह्यांत मिरची लागली तेव्हा त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, तो स्वतःच्या आधी. एवढ्यावरून माणूस ठरवू नये हे मला कळत होतं. पण एवढंही कोणी केलं नव्हतं. "बुधवारपर्यंत कळवतो," असं ते म्हणाले.

सोमवारी सकाळी पिंजऱ्यात नऊ उंदीर होते. आम्ही उंदरांवर पिवळ्या रंगाच्या खुणा करायचो, कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या शेपटीवर. शेपटीवर खूण असलेला नव्हता. त्याची पिवळी शेपूट आणि थोडे केस भुशात होते. मेलेल्याला बाकीचे खातात, ही उंदरांची रीत आहे.

डॉक्टर आले. त्यांनी नोंदवही उघडली, माझा रविवारचा रकाना बोटाने वाचला आणि म्हणाले, "काल अकराला दहाही ठीक होते. जखम नाही, सुस्ती नाही. म्हणजे रात्री भांडण झालं. नर आहेत, चावतात. याला द्रव्याच्या खाती धरायचं नाही."

"हो सर," मी म्हणाले.

त्यांचं सगळं गणित माझ्या त्या एका 'सा.'वर उभं होतं. तो उंदीर रविवारी पाय ओढत होता की उड्या मारत होता, हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, मग होतात कुठे? चौतिसाव्या वर्षी दाखवून घ्यायला गेले होते, आणि मला ते हवं होतं, हे मला त्यांच्यापुढे बोलवेना. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी, चौदाव्या दिवशी सांगू, असं मी स्वतःला बजावलं. आणि बुधवारी सर्जेराव काट्याचं सांगत आला.

डॉक्टर टेबलाशी बसले होते. पुढ्यात पाण्याचा रिकामा पेला होता.

"सर, घेतलीत?"

"दहाला पाच कमी." त्यांनी एक कोरी नोंदवही माझ्याकडे सरकवली. पट्टीने रकाने आखलेले होते, चौदा दिवसांचे. वर लिहिलं होतं, त्र्यं. रि., वजन अठ्ठावन्न किलो. "बरं झालं आलात. दहा पंचवीसला पहिली नोंद. तुमच्याशिवाय दुसरं कोणाला सांगणार?"

"सर, अकराव्या दिवशी मी आले नव्हते."

त्यांनी पेला बाजूला सरकवला.

"रविवारचा रकाना शनिवारी भरला. शेपटीवाला उंदीर कसा मेला ते मी बघितलं नाही. भांडण होतं की काय, मला माहीत नाही." मग माझा आवाज चढला. "तुम्ही मिठाचं पाणी घ्या. उलटी होईल. मी आणते."

"बसा," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग विचारलं, "होतात कुठे?"

"मला बघायला आले होते."

"हं." चष्मा परत चढला. "सात वर्षांत असे किती रविवार?"

"एकच."

"आणि हे मी खरं मानायचं."

ते रागावून ओरडले असते तर मला सोसलं असतं.

ते उठून कपाटाकडे गेले, जुनी नोंदवही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा, आजची तारीख घाला, सही करा." मी दहा 'सा.'वरून एक रेघ ओढली. शेजारी लिहिलं, 'निरीक्षण केले नाही.' तारीख घालून सही केली.

"आता नवे दहा उंदीर काढा," ते म्हणाले. "त्याच बाटलीतलं सतरा पाजा, आजच. म्हणजे ते आणि मी बरोबर चालू. मी त्यांच्या मानाने विसावा हिस्सा घेतलाय, तेव्हा लगेच रडू नका. उलटीबिलटी काही नको. अकराव्या दिवशी कळणारी गोष्ट उलटीने जात नाही." आणि मग, वहीत बघत, "पसंत पडलात का?"

"आज कळवणार आहेत."

"मग आज दोघांनाही वाट बघायची आहे," ते म्हणाले.

दिघ्यांचा होकार त्याच संध्याकाळी आला. त्यांच्या बहिणीने निरोप धाडला, की येत्या रविवारनंतरच्या रविवारी थोरला मुलगा पुण्याहून येतोय, त्याला भेटायला सकाळी दहाला या, मग पुढचं ठरवू. मी कॅलेंडर बघितलं नाही. मला दिवस पाठ होते. तो डॉक्टरांचा अकरावा दिवस होता.

पहिले चार दिवस मी डॉक्टरांना संस्थेतच तपासलं. मग त्यांनी साठलेली रजा टाकली आणि मी संध्याकाळी सहाला शाहूपुरीत त्यांच्या घरी जाऊ लागले. गोडोलीहून पाऊण तासाची चाल होती. घर स्वच्छ होतं, पण वापरातलं वाटत नव्हतं. फडताळात तोटीचा पेला होता, लहान मुलांना असतो तसा. तो कोणाचा हे मी विचारलं नाही. आधी नाडी, मग डोळ्यांचा पिवळेपणा, मग डोळे मिटून बोट नाकाला लावायचं, आणि शेवटी फरशांच्या रेघेवरून टाचेला अंगठा जुळवत चालायचं. हॉलमध्ये अठरा फरश्या होत्या. ते चालायचे, मी बघायचे, 'सा.' लिहायचे, सही करायचे. एकूण बारा मिनिटं लागायची.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बारा मिनिटांची वीस झाली. ते खानावळीचा डबा आणवत. सातव्या दिवशी डबा उघडला तर आत नेहमीच्या चारऐवजी सात पोळ्या होत्या.

"खानावळवाल्याची चूक झाली वाटतं," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

आम्ही जेवलो. ते काही फार बोलले नाहीत, मीही नाही. वांग्याची भाजी खारट होती, त्यावर मात्र दोघांनी सविस्तर मत दिलं. मधेच ते म्हणाले, "सुमतीला मी चमच्याने भरवायचो. नऊ वर्षं, दोन वेळा. ती गेली आणि जेवायच्या वेळेला माझा उजवा हात रिकामा पडला. मग मी सतराच्या मागे लागलो. लोकांना वाटतं, तिच्यासाठी. ती तर गेलीच होती." मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. त्या रात्री घरी येऊन कुलूप काढताना, खोलीत दिवा नसल्याचं मला सात वर्षांत पहिल्यांदा जाणवलं.

अकराव्या दिवशी दिवसभर पिंजऱ्यापाशीच राहायचं मी ठरवलं होतं. दिघ्यांच्या बहिणीला मी शुक्रवारी सांगितलं, की रविवारी मला जमणार नाही, काम आहे.

"रविवारी कसलं हो काम?" त्या म्हणाल्या.

"उंदीर बघायचे आहेत."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तसं स्पष्ट सांगायचं होतं. आमच्या दादाला काही मुलींची कमी नाही." मी समजावायला हवं होतं. पण काय सांगणार होते? मागच्या वेळी तुमच्याकडे आले म्हणून एक माणूस कदाचित मरेल, असं? मला ते स्थळ हवं होतं, हे आज लिहायला हरकत नाही.

अकराव्या दिवशी, रविवारी, मी आठलाच प्राणिगृह उघडलं. नव्या पिंजऱ्यात दहा उंदीर होते. सात जण दाण्याच्या भोवती होते. डोक्यावर खूण असलेला कोपऱ्यात पडून होता. आणखी दोघे पुढच्या पायांवर सरकत होते आणि त्यांचे मागचे पाय भुशातून ओढत येत होते. मी वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं. तिघांच्या रकान्यांत जे दिसलं ते लिहिलं. मग रस्त्यावर येऊन मिळाली ती रिक्षा केली.

शाहूपुरीत दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. मग खुर्ची सरकली आणि पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं फरफटत होतं. हॉलची लांबी मला माहीत होती. त्या अठरा फरश्या पार व्हायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.

दार उघडलं. अर्ध्या गालावर साबण होता.

"पाय का ओढताय?" मी विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. "चपलेचा अंगठा तुटलाय."

"काढा. चाला."

"अहो, दाढी तरी..."

"सर, चाला."

त्यांनी चपला काढल्या आणि साबणाच्या तोंडाने, लेंग्याचे पाय वर धरून, फरशांच्या रेघेवरून चालू लागले. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. अठरा फरश्या जाऊन परत आले. तोल एकदाही गेला नाही. मी दाराशीच खाली बसले आणि रडले. ते माझ्यासमोर उभे राहिले, काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. त्याला साबणाचा वास होता.

"तिकडे किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"मागचे पाय?"

"हो."

ते खुर्चीवर बसले. गालावरचा साबण वाळत आला तरी बसून राहिले. सतरा संपलं होतं, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

"मागच्या खेपेलाही हेच झालं असणार," ते म्हणाले.

"हो सर. मी बघितलं असतं तर तुम्ही घेतलंच नसतं."

"घेतलं नसतं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग तुम्ही इथे आला नसतात." ते चटकन उठले आणि मोरीकडे गेले. तोंड धुवायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर येऊन त्यांनी नोंदवही आणली. "लिहा. वेळ घाला."

बुधवारी चौदावी नोंद झाली. नाडी बहात्तर, डोळे स्वच्छ, चाल सामान्य. मी सही केली, त्यांनी खाली सही केली आणि वही मिटली. डब्यात सात पोळ्या होत्या. आम्ही जेवलो, मी डबा विसळून ठेवला.

"झालं तर मग," ते म्हणाले.

"हो सर. झालं."

मी दारात थोडी थांबले. त्यांनी बाहेरचा दिवा लावला, मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सहाला मी खोलीत बसले होते. पंधराव्या दिवसाला रकाना नव्हता. आणि एका विधुराच्या घरी कारण नसताना संध्याकाळी जाणारी बाई मी नव्हते, म्हणजे मला तसं वाटत होतं. मेअखेर त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. माझ्या त्या रविवाराबद्दल त्यांनी कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, "रविवार सांभाळा." मी हो म्हणाले. दिघ्यांचं त्याच महिन्यात ठरलं, कराडच्या एका शिक्षिकेशी.

डॉक्टर त्यानंतर अकरा वर्षं जगले. मी भेटायला गेले नाही. मधे दोनदा बाजारात दिसले, भाजी घेताना. नमस्कार झाला.

ते गेल्यावर त्यांचा पुतण्या कागदांचं एक खोकं संस्थेत घेऊन आला. तेव्हा विभाग माझ्याकडे होता. आत ती नोंदवही होती. मी ती सरळ शेवटच्या पानावर उघडली, चौदाव्या दिवसावर. पण ते शेवटचं पान नव्हतं. पुढच्या पानावर पट्टीने आखलेले आणखी रकाने होते. दिवस पंधरावा, सोळावा, सतरावा. त्यांच्या अक्षरात, वेळ संध्याकाळी सहा. नाडी, चाल, 'सा.'. रोजच्या रोज लिहिलेलं होतं हे दिसत होतं, कारण शाई बदलत गेली होती, मधे दोन दिवस शिसपेन्सिल होती आणि एका रविवारी चहाचा डाग पडला होता. वही संपेपर्यंत नोंदी होत्या, चौदाव्यानंतरच्या आणखी एकशे सहा दिवसांच्या. प्रत्येक नोंदीखाली 'निरीक्षकाची सही' असं लिहिलेलं होतं आणि पुढची जागा कोरी होती.

मी एप्रनच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. पंधराव्या दिवसाच्या रेघेवर निब टेकवलं. गोडोलीतली ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवत होती, स्टोव्हवर एकटीचा भात होता. पण मी ते एकशे सहांतलं काहीच बघितलं नव्हतं.

मी टोपण परत लावलं आणि वही फाइलला लावायला सर्जेरावच्या हाती दिली.